निवडुंगाची कुंडी पावसाळ्यात का जाते?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी किंवा मुंबईच्या बाजारात फिरताना दुकानांच्या गल्ल्याशेजारी कॅक्टसची लहान कुंडी हल्ली हमखास दिसते. व्यापाऱ्याला हे झाड सोयीचे वाटते, ते बरोबरच आहे. जागा वीतभर लागते, पाणी कमी लागते, आणि माल आणायला सुरतेस गेल्यामुळे किंवा सणामुळे दुकान आठ दिवस बंद राहिले तरी ते तक्रार करीत नाही. भेट म्हणूनही ते स्वस्त आणि टिकाऊ समजले जाते. परंतु वाचक बंधूंनी आपल्या आजूबाजूला थोडी चौकशी करून पाहावी. उन्हाळ्यात घेतलेल्या या कुंड्यांपैकी किती कुंड्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतात? बरीच झाडे जुलै-ऑगस्टमध्ये बुडाशी मऊ होतात, तपकिरी पडतात आणि एके दिवशी हात लावताच कलंडतात. घेणारा म्हणतो, माल खराब होता. विकणारा म्हणतो, तुम्ही पाणी जास्त घातले. आपल्याकडची जून ते सप्टेंबरची हवा मात्र दोघांच्याही हिशेबात धरलेली नसते.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे शेताच्या बांधावर वाढणाऱ्या काटेरी, मांसल झाडाला सरसकट निवडुंग म्हणतात. त्यातला चपट्या फड्यांचा फड्या निवडुंग, ज्याला उर्दू-हिंदीत नागफनी म्हणतात, तो खरा कॅक्टस. तीन धारांचा निवडुंग मात्र वेगळ्या कुळातला आहे. त्याला टोचले की पांढरा चीक निघतो. हा चीक कातडीला आग करतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. नर्सरीत या चिकाच्या जातीची शोभेची झाडेही ‘कॅक्टस’ म्हणूनच विकली जातात. लहान मुलांच्या घरात अशी कुंडी नेण्यापूर्वी ओळख करून घ्यावी. खऱ्या कॅक्टसचे काटे एका लहानशा लोकरीसारख्या ठिपक्यातून झुबक्याने निघतात. तो ठिपका नसेल तर झाड कॅक्टस नव्हे. घृतकुमारी किंवा कोरफड हीदेखील कॅक्टस नाही.

कॅक्टस कुळातील जवळजवळ सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत. मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना हे त्यांचे मुलूख. अरबीत कॅक्टसला ‘सब्बार’ म्हणतात, आणि हा शब्द सब्र या शब्दाच्याच घराण्यातला आहे. नाव शोभते खरे, पण या झाडाचा सब्र उन्हाबाबत आणि तहानेबाबत आहे, चिखलाबाबत नाही.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पानांच्या जागी काटे आले आणि खोड हीच पाण्याची टाकी झाली. अंगावरच्या उभ्या धारा चुणीदार कपड्यासारखे काम करतात. पाणी मिळाले की चुण्या उघडतात आणि झाड फुगते, पाणी संपत आले की चुण्या मिटतात, आणि या सगळ्यात कातडी फाटत नाही. इतर झाडे दिवसा श्वासाची छिद्रे उघडतात आणि त्यांतून पाणी गमावतात. कॅक्टस ही छिद्रे रात्री थंडाव्यात उघडतो, म्हणून दिवसभर ऊन असूनही त्याचा साठा फारसा घटत नाही. ज्याच्या गोदामात माल भरलेला आहे त्याला रोज नवी गाठ पाठवण्याची जरुरी नसते. पाठवलीच तर ती बाहेर पडून सडते. कुंडीतल्या पाण्याचेही तसेच होते.

मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मेक्सिकोच्या ज्या कोरड्या पठारावर यांतील अनेक जाती वाढतात, तिथे साऱ्या वर्षात त्याच्या निम्माही पडत नाही. पण केवळ पाऊस हे कारण नाही, कारण दुकानातली कुंडी तर छपराखालीच असते. पावसाळ्यात तीन गोष्टी एकत्र येतात. आकाश ढगाळ असल्यामुळे झाडाला प्रकाश मिळत नाही आणि ते पाणी ओढणे कमी करते. हवा दमट असल्यामुळे कुंडीतली माती वाळत नाही. आणि मातीतल्या बुरशीला ही उबदार ओल फार मानवते. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा घातलेले जे पाणी झाडाला पचत होते, तेच पाणी जुलैत मुळे कुजवते. हात सवयीने चालतो, ऋतू मात्र बदललेला असतो.

म्हणून पाण्याचा हिशेब महिन्यांनुसार ठेवावा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत झाड वाढीला लागलेले असते. तेव्हा आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे, आणि देताना भरपूर द्यावे. तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. रोज चमचाभर पाणी घालण्याची रीत सर्वांत वाईट. त्याने वरची माती सदैव ओली राहते आणि खालची मुळे कोरडी राहतात. मृगाचे ढग दिसू लागले की कुंडी पावसाच्या झडीपासून आत घ्यावी. जून ते सप्टेंबर या काळात दोन-तीन दिवस सलग ऊन पडलेले असेल तरच थोडे पाणी द्यावे. कोकणपट्टीत महिनाभर काहीच दिले नाही तरी बिघडत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा पंधरा दिवसांनी पाणी सुरू करावे. डिसेंबर-जानेवारीत तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. नाशिक-मालेगावकडे थंडी कडक असते, तिथे त्या दिवसांत कुंडी कोरडीच ठेवावी. कोरडे झाड थंडी सोसते, ओले झाड सोसत नाही. हिवाळ्यातली ही विश्रांती वाया जात नाही. मॅमिलेरियासारख्या अनेक जाती त्या उपासानंतरच, वसंतात, डोक्याभोवती फुलांचे कडे करतात.

माती वाळली की नाही हे वरून पाहून कळत नाही. बांबूची पातळ काडी किंवा विणकामाची सुई कडेने तळापर्यंत खुपसावी, पाच मिनिटांनी काढून पाहावी. तिला माती चिकटून आली तर पाणी देऊ नये.

आता मातीविषयी. मालेगाव, सोलापूर, मराठवाडा या भागांत पाऊस कमी असूनही कुंड्या जातात, त्याचे कारण तिथली काळी माती. ती कापसाला उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते, आणि त्याच गुणामुळे कॅक्टसला घातक. वाळली की ती आकसते, भेगा पडतात आणि मुळे तुटतात. कुंडीसाठी मिश्रण स्वतः करावे. एक भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत, आणि दोन भाग जाडी वाळू किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे. विटांचा चाळलेला भुगा चालत नाही, तो चिखल करतो, तुकडेच हवेत. वाळू दोन-तीन पाण्यांनी धुवावी. खाडीकाठची वाळू घेऊच नये, तिच्यात मीठ असते. मूठभर मिश्रण ओले करून दाबावे. मूठ उघडताच ते सुटले पाहिजे. लाडू वळला गेला तर वाळू वाढवावी.

कुंडी साधी मातीची, तळाला भोक असलेली, आणि झाडापेक्षा बोटभरच मोठी. दुकानात शोभतात म्हणून चिनी मातीचे, बिनभोकाचे रंगीत प्याले विकले जातात. त्यांत झाड ठेवणे म्हणजे त्याला बादलीत उभे करणे होय. मोठी कुंडीही वाईट, कारण जितकी जास्त माती तितकी ओल जास्त दिवस राहते.

प्रकाशाच्या बाबतीत दुकानदारांची अडचण खरी आहे. ट्यूबलाइटचा किंवा एलईडीचा उजेड आपल्याला तागा दाखवायला पुरतो, कॅक्टसला पुरत नाही. उजेड कमी पडला की झाड वरून बारीक, फिकट आणि लांबट होते. गिऱ्हाईक म्हणते, वा, वाढले! प्रत्यक्षात ते उजेड शोधत असते, आणि बारीक झालेला तो भाग पुढे कितीही ऊन दिले तरी पुन्हा जाड होत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे दोन किंवा तीन कुंड्यांची पाळी लावणे, जशी कारखान्यात लावतात. एक कुंडी आठ-दहा दिवस गल्ल्याजवळ, बाकीच्या घरी पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीत, मग अदलाबदल. आतून बाहेर नेताना एकदम एप्रिल-मेच्या गच्चीवर ठेवू नये. झाडाची कातडी भाजते, पांढुरके डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. आठवडाभर सकाळचेच ऊन द्यावे. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी कॅक्टसचा आग्रह सोडून हॉवर्थिया किंवा गॅस्टेरिया ही मांसल पानांची झाडे ठेवावीत. ती कमी उजेडात निभावून नेतात.

कापडाच्या दुकानदारांसाठी एक सूचना खास. ओपंशियाची एक जात नर्सरीत सशाचे कान या अर्थाच्या इंग्रजी नावाने मिळते. चपट्या हिरव्या फड्या आणि त्यांवर पिवळे किंवा पांढरे मऊ ठिपके, जणू बुट्टीचे मखमल. मोठे काटे नसल्यामुळे सर्वांना ती निरुपद्रवी वाटते आणि लहान मुले हटकून हात लावतात. प्रत्यक्षात प्रत्येक ठिपक्यात शेकडो केसांसारखे सूक्ष्म काटे असतात, त्यांना उलट्या आकड्या असतात आणि नुसत्या स्पर्शाने ते सुटतात. बोटात गेले तर दिसत नाहीत, पण टोचत राहतात. हेच काटे कापडावर पडले तर धाग्यात अडकतात. झटकून जात नाहीत आणि नेसणाऱ्याच्या अंगाला लागतात. एखादा ड्रेस किंवा साडी त्या कुंडीला घासली की तो नग परत आल्यातच जमा. ही जात दुकानात आणू नये, शिवणकामाच्या खोलीत तर मुळीच नाही. बोटात काटे गेलेच तर चोळू नये. चिकटपट्टी दाबून ओढावी, किंवा फेविकॉलचा थर लावून वाळल्यावर सालासारखा काढावा. उरलेले चिमट्याने काढावेत.

खरेदी करताना आपण कापड जसे पारखून घेतो तसेच झाडही पारखावे. बुंधा हलक्या हाताने हलवून पाहावा. डुलत असेल तर मुळे नाहीत. डोक्यावर सुकलेले भडक फूल असेल तर ते किंचित ओढावे. पुष्कळ वेळा ते गरम गोंदाने चिकटवलेले असते आणि खरे फूल येण्याची जागाच झाकते. निळ्या, जांभळ्या किंवा चंदेरी रंगात रंगवलेली झाडेही येतात. हा कच्च्या रंगाचा माल समजावा. रंगाखाली कातडीला उजेड मिळत नाही.

हिरव्या दांड्यावर बसवलेला लाल, पिवळा किंवा नारिंगी गोळा सर्वांत जास्त खपतो. तो रंगवलेला नसतो, पण त्याची हकिगत माहीत असावी. हा जिम्नोकॅलिसियमचा असा प्रकार आहे की ज्यात हिरवे द्रव्यच नाही. म्हणून तो स्वतः अन्न करू शकत नाही आणि मातीत लावला तर मरतो. जपानमध्ये १९४० च्या दशकात तो प्रथम वाढवला गेला. पुढे दक्षिण कोरियाने त्याचा मोठा निर्यात व्यापार उभा केला. खालचा हिरवा तीनधारी दांडा ड्रॅगन फ्रूटच्या वेलीच्या जातीचा असतो, आणि वरच्या बिनकमाई पाहुण्याला तोच जेवू घालतो. अशी जोडी बहुधा काही वर्षेच चालते. भेट म्हणून द्यायला हरकत नाही, परंतु ‘आयुष्यभर टिकेल’ असे सांगून कोणी विकू नये.

कीड फारशी लागत नाही, अपवाद पिठ्या ढेकणाचा. काट्यांच्या मुळाशी कापसाच्या तंतूंसारखा पांढरा पुंजका दिसला की तोच. कापसाचा बारीक बोळा काडीला लावून, सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका पुसावा. संध्याकाळी करावे, उन्हात नव्हे, आणि आठवड्याने पुन्हा करावे. घरात, मुलाबाळांत, एवढ्याशा कुंडीसाठी शेतीची विषारी औषधे फवारणे वेडेपणाचे आहे.

या पांढऱ्या किड्याचा एक नातेवाईक मात्र आपल्या धंद्याच्या इतिहासात मोठा मानकरी आहे. मेक्सिकोत ओपंशियाच्या फड्यांवर कोचिनील नावाचा किडा पोसला जात असे. तो वाळवून कुटला की गडद लाल रंग मिळतो. एका किलोत लाखाहून जास्त किडे बसतात. तुरटी लावलेल्या रेशमावर आणि लोकरीवर हा रंग किरमिजी उतरतो, कथिलाच्या क्षाराने लालभडक होतो, सुतावर तितका खुलत नाही. आपण ज्याला किरमिजी म्हणतो तो शब्द अरबी किर्मिज वरून आला, आणि तो मूळ ओक वृक्षावरच्या दुसऱ्या एका लाल किड्याचा. अमेरिकेचा माल आल्यावर त्याने जुन्या किर्मिजाचा बाजार खाल्ला. ईस्ट इंडिया कंपनीला हा धंदा हिंदुस्थानात हवा होता. १७९५ साली ब्राझीलहून किडे बंगालमध्ये आणले गेले, पण ते अस्सल जातीचे नव्हते. रंग हलका निघाला आणि किड्याने एका जातीचा निवडुंग मात्र फस्त केला. हे पाहून पुढे माजलेला निवडुंग मारण्यासाठी मुद्दाम असे किडे सोडण्यात आले. १९२६ मध्ये सिलोनहून आणलेल्या दुसऱ्या जातीने दक्षिण भारतातली निवडुंगाची जंगले साफ केली. रंगासाठी आणलेला किडा अशा रीतीने तण मारण्याच्या कामी आला. कोचिनीलच्या रंगाचा बाजार १८५६ नंतर रासायनिक रंगांनी मोडला, ती कथा वाचकांना ठाऊक आहे.

असो. झाड बुडाशी कुजू लागले तरी ते टाकून देण्याची घाई करू नये. धारदार सुरी स्पिरिटने पुसून वरचा निरोगी भाग कापावा. कापलेल्या जागी मध्यावर तपकिरी ठिपका किंवा कडे दिसले तर आणखी वर कापावे, दर वेळी सुरी पुसून. आतून स्वच्छ हिरवा-पांढरा गर दिसला की थांबावे. गंधकाची पूड लावून तो तुकडा सावलीत, कोरड्या जागी आठ-दहा दिवस तसाच ठेवावा. पावसाळ्यात आणखी जास्त. जखम कडक झाल्यावर कोरड्या वाळूवर टेकवावा. मुळे फुटल्यावरच पाणी द्यावे. ताज्या कापलेल्या तुकड्याला लगेच पाणी घातले तर कूज पुन्हा सुरू होते.

हीच रीत रोपे वाढवण्यासाठीही लागू पडते, आणि इथे घरगुती धंद्याला थोडी जागा आहे. एकिनॉप्सिससारख्या जातींना बुडाशी पिल्ले भरपूर येतात. ती पिळून सुटी करावीत, चार दिवस वाळवावीत आणि लावावीत. फेब्रुवारी ते एप्रिल हा उत्तम काळ. दोन-तीन चांगल्या झाडांपासून दोन वर्षांत गच्चीवर ट्रे भरतो. ज्यांचे हात बारीक कामाला सरावलेले आहेत, अशा कारागिरांनी कलम करूनही पाहावे. दांडा सपाट कापायचा, वरचा गोळा सपाट कापायचा, दोन्हींच्या मध्यभागी जे गोल कडे दिसते ते एकमेकांना निदान एका बाजूने तरी भिडवायचे आणि रबराने हलके बांधून आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचे. कडी जुळली नाहीत तर कलम धरत नाही. दांड्यासाठी ड्रॅगन फ्रूटच्या फांद्या चालतात. आता सांगली-सोलापूरकडे या फळाची लागवड होते आणि छाटणीच्या फांद्या मिळू शकतात. घाऊक माल घेणारे कालिम्पाँगच्या नर्सऱ्यांची नावे घेतात. तो डोंगराळ, थंड हवेचा भाग आहे, म्हणून तिथून आलेले झाड इकडच्या हवेला रुळेपर्यंत महिनाभर सावलीत ठेवून मगच विकावे.

परदेशातून येणाऱ्यांनी सामानात कॅक्टस आणू नये. कॅक्टसचे जवळजवळ संपूर्ण कूळ ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. शिवाय आपल्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. विमानतळावर माल जप्त होतो आणि वर त्रास वेगळा.

देशातल्या देशात पाठवायला मात्र याच्याइतके सोपे झाड नाही. पाठवण्यापूर्वी आठवडाभर पाणी बंद ठेवावे, कुंडीतून काढून मुळांवरची माती झटकावी, वर्तमानपत्रात दोन-तीन वेढे गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घट्ट बसवावे. प्लास्टिकची पिशवी वापरू नये, आत घाम सुटून झाड कुजते. अशा रीतीने बांधलेले झाड आठ-दहा दिवस वाटेत राहिले तरी सुखरूप पोचते. घेणाऱ्याला चिठ्ठीत लिहून द्यावे की कोरड्या मातीत लावा, चार दिवस सावलीत ठेवा आणि पहिले पाणी आठवड्याने द्या. जुलै-ऑगस्टमध्ये माल पाठवूच नये.